दिसावीत, ऐकू येऊ नयेत

रिश्तोनच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते, सव्वीस वर्षं झाली.
दर मार्चला, जर्दाळू फुलले की,
म्हणींचा धडा येतो.
डावीकडे त्यांच्या, उजवीकडे आमच्या,
मध्ये खडूची रेघ,
मुलांनी जोड्या लावायच्या.

रडत नाही त्या पोराला दूध नाही, ही आमची.
तिच्यासमोर त्यांचं चाक:
जे करकरतं, त्यालाच तेल मिळतं.
मुली फिदीफिदी हसतात. आईच्या जागी चाक!
मी म्हणते, हसू नका गं,
थंड मुलखात माया लोखंडातूनही बोलत असेल.

एकीला मात्र आजवर जोडी मिळाली नाही:
लेकरं दिसावीत, ऐकू येऊ नयेत.
शेवटच्या बाकावरची दिलाफ्रुझ उठून म्हणाली,
"ओपा, ही म्हण ज्यानं केली
त्याला मूलबाळ नसणार."
मी तिला पाचपैकी पाच दिले.

आमच्या अंगणात तर एलमुरोद
दिसायच्या आधी ऐकू यायचा.
फाटकाची कडी, सायकलची सुटलेली चेन,
कुंभाराच्या भट्टीमागून हाळी, "ओयी, नान आहे का?"
सासूबाई कानांवर हात ठेवून म्हणायच्या,
लेकरांचं घर म्हणजे बाजार.
म्हणीचा उरलेला अर्धा भाग
त्यांनी कधी ओठांवर आणला नाही.
तो मजार या शब्दावर संपतो.
उलट उठून इसिरिक पेटवायच्या,
आणि धूर फिरवायच्या दारादारांतून,
खोकत, पुटपुटत.

त्या गेल्या. फाटकाला तेल घातलं कुणीतरी.

एप्रिलपासून एलमुरोद हेरफर्डशायरला आहे.
प्लास्टिकच्या लांबच लांब बोगद्यांत
स्ट्रॉबेऱ्या खुडतो, सहा महिन्यांच्या करारावर.
मी शिकवलेल्या भाषेत
मुकादमाला "यस" म्हणतो.
बाकीची भाषा तशीच पडून आहे म्हणे, घडी न मोडलेली.

रविवारी फोन येतो.
त्याचे संध्याकाळचे सात, माझे रात्रीचे अकरा.
गेल्या रविवारी चित्र आलं
आणि आवाज आलाच नाही.
ओठ हलत होते.
मागे लोखंडी खाट, दोरीवर मोजे,
कुणा परक्या पोराची पाठ.
उन्हानं चेहरा काळा पडलेला,
बोटाला पट्टी. बोलता बोलता त्यानं ती खाली घेतली,
तरी मला दिसलीच.

रडत नाही तो. कधीच नाही रडला.
मग कुणाला कळणार, कुठे दूध हवंय?

मी ओरडत होते, "ओप्पोघिम, माझ्या पांढऱ्याशुभ्र बाळा!"
कावळी पिलाला तेच म्हणते ना आमच्यात,
आणि साळू म्हणते, माझं मऊ मऊ.
शेजारची मस्तुरा दिवा लावून बाहेर आली.
त्याला काही ऐकू गेलं नसावं.
त्यानं कानाकडे बोट दाखवलं, मान हलवली.

तेव्हा मी उठले आणि भिंतीवरचा नान खाली काढला.
जाताना त्यानं एक घास तोडला होता,
उरलेला तो परतेपर्यंत खिळ्याला राहायचा, अशी रीत.
वाळून कौलासारखा टणक झालाय,
पण दातांची खूण शाबूत आहे,
पुढचा एक दात जरासा वाकडा.
ती खूण मी कॅमेऱ्यासमोर धरली.

तो बघत राहिला.
मग हसला असावा, खांदे हलले.
मग चित्रही थांबलं, तोंड अर्धं उघडं.

थांबलेल्या त्या तोंडाकडे
मी बॅटरी संपेपर्यंत बघत बसले.

दिलाफ्रुझ, तुझा एक गुण
मी परत घेते आहे, पोरी.
ती म्हण एखाद्या आईनंही केली असेल,
अशाच एखाद्या रात्री,
निम्मंच मागून.